ईदच्या बकऱ्याला काय घालावे?

बकरी ईद जवळ आली की शहागडात अनेक अंगणांत बकरा येतो आणि लेकरे लाडाने त्याला भाकरी, भात, ज्वारी चारू लागतात. हा लाड त्याच्या जिवावर बेतू शकतो. एकदम जास्त दाणे किंवा शिजलेले अन्न खाल्ले की पोटात आम्ल वाढते, रवंथ थांबते, डावी कूस फुगते. मुख्य खाणे कडबा, तुरीचा भुसा, बाभूळ-बोरीचा पाला हेच असावे. दाणा मूठभरापासून सुरू करून आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवावा. स्वच्छ पाणी सतत समोर असावे. रवंथ बंद दिसताच गुरांच्या डॉक्टरांना दाखवा. उघड आजारी जनावराची कुर्बानी होत नाही; आणि दावणीला बांधलेल्या मुक्या जिवाची भूक-तहान ही आपल्याकडे सोपवलेली अमानत आहे.