ओढण्याआधी थांबवण्याची तजवीज

थळ घाटाचा सदतिसास एक असा चढ, तेथे गाडीला मागून रेटा देणारी जादा इंजिने आणि 1 जानेवारी 1865 रोजी तो घाट वाहतुकीस खुला झाल्यापासून इगतपुरीस लाभलेले महत्त्व, यांविषयी नाशिक जिल्ह्यात अभिमानाने बोलले जाते, आणि ते योग्यही आहे. परंतु मालगाडी एकदा मालधक्क्यावर किंवा कारखान्याच्या सायडिंगवर उभी राहिली, तिचे इंजिन सुटून निघून गेले आणि मागे राहिलेल्या वाघिणींपैकी दोन-चार वाघिणी शे-दोनशे हात पुढे सरकवण्याची गरज पडली, म्हणजे ते काम कोण करतो, कशाने करतो आणि कोणाच्या जिवावर करतो, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. ट्रॅक्टर, लोडर यांसारखी यंत्रे रुळांवर चालतील अशी बदलून या कामी लावण्यास रेल्वेने मोकळ्या मनाने परवाना द्यावा. पण ज्या यंत्राला वाघिणींचे ब्रेक आपल्या हुकमतीत ठेवता येत नाहीत, त्याला वाघिणीस स्पर्शही करू देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

शेतातली ओढशक्ती रुळांवर आणण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. बडोद्यात खंडेराव महाराज गायकवाडांच्या अमदानीत, 1862 साली, डभोई ते मियागाम हा अरुंद लोहमार्ग सुरू झाला तेव्हा त्यावरील गाड्या बैल ओढीत. नाशिकरोड स्थानकापासून गावापर्यंत जाणारी ट्रामही आरंभी घोड्यांच्याच बळावर चालत असे. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत निर्माण झालेले युनिमॉग हे वाहन मुळात शेतकऱ्यासाठी होते, आणि त्याच्या चाकांमधील 1,270 मिलिमीटरांचे अंतर बटाट्याच्या दोन सऱ्यांच्या मापावरून मुकरर केले होते. तेच वाहन पुढे लोखंडी मार्गदर्शक चाके लावून रुळांवर उतरले आणि वाघिणी ओढू लागले. आपल्या देशातील काही मोठ्या कारखान्यांतही रस्ता व रूळ अशा दोन्हींवर चालणारी वाहने वापरात आहेत.

या यंत्रांचे मर्म रबरी टायरांत आहे. रेल्वेचे नेहमीचे डिझेल शंटिंग इंजिन सव्वाशे टनांच्या घरात असते, आणि त्याला एवढे वजन लागण्याचे कारण असे, की लोखंडी चाकाची लोखंडी रुळावरील पकड वजनाच्या चौथ्या हिश्शाच्या आसपासच राहते. उलट कोरड्या रुळावर रबरी टायर निम्म्याहून अधिक पकड देतो. भरलेली बॉक्सएन वाघीण सुमारे 81 टनांची असली, तरी सपाटीवर ती जागची हलवण्यास टनामागे चार-पाच किलोंचा, म्हणजे एकंदर चारेकशे किलोंचाच ओढा पुरतो. तेव्हा तीन टनांचा ट्रॅक्टर अशा दोन-तीन वाघिणी ओढू शकतो, यात चमत्कार काही नाही. एवढ्या कामासाठी सव्वाशे टनांचे इंजिन दुरून मागवावयाचे, त्याची वाट पाहत हमालांच्या टोळीने बसून राहावयाचे आणि मुदत टळली म्हणून रेल्वेचे डॅमरेज भरावयाचे, हा शिरस्ता मालधन्यालाही परवडत नाही आणि रेल्वेलाही.

परंतु जी सुलभता ओढण्यात आहे, तीच धोक्याचे मूळ आहे. यार्डातला चारशेस एक हा उतार डोळ्यांना दिसतही नाही; तरी रोलर बेअरिंगची भरलेली वाघीण त्यावर एकदा चालू लागली, की आपोआप थांबत नाही. इंजिन सुटले म्हणजे ब्रेकच्या नळीतील हवा जाते आणि वाघिणींचे ब्रेक आवळले जातात. ते सैल झाल्याखेरीज वाघीण हलत नाही, म्हणून वाघिणीखालची दांडी ओढून सिलिंडरमधील हवा सोडून देतात. त्या क्षणापासून ती वाघीण हातब्रेकाच्या चाकावाचून निराधार होते. मग जेसीबीचे बकेट टेकवून, मध्ये लाकडी ठोकळा धरून, ती पुढे रेटली जाते. एक माणूस ठोकळा सांभाळतो आणि दुसरा चाकाखाली घालण्यासाठी दगड हातात घेऊन वाघिणीबरोबर पळतो. बकेट वाघिणीला केवळ टेकलेले असते, जोडलेले नसते. त्यामुळे वाघीण यंत्रापुढे निसटली, तर 81 टनांच्या त्या ओझ्यास अडवणारी शक्ती म्हणजे त्या माणसाच्या हातातला दगड. पावसाळ्यात ओल्या रुळावर रबराची पकडही घटते, तेव्हा ही अवस्था किती भयंकर होते, हे सांगावयास नको.

अशा कामात माणूस किती सहज चिरडला जातो, याची साक्ष 9 नोव्हेंबर 2024 रोजी बिहारातील बरौनी स्थानकाने दिली. तेथे तर रेल्वेचेच इंजिन होते आणि रेल्वेचाच शिकलेला कर्मचारी होता, तरी इंजिन व डबा यांच्यामध्ये सापडून त्याचा प्राण गेला. जेथे ना इशारे देणारा प्रशिक्षित पॉइंट्समन, ना ब्रेकची नळी, ना लेखी नियम, तेथील हमालाच्या वाट्यास काय येईल, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

हा प्रश्न नाशिकच्या दारात उभा आहे. 7 ऑगस्ट 2020 रोजी देशातील पहिली किसान रेल देवळालीहून दानापूरकडे निघाली. ऑक्टोबर 2024 मध्ये लासलगावहून 1,600 टन कांदा रेल्वेने दिल्लीस गेला. आणि डिसेंबर 2021 पासून गतिशक्ती कार्गो टर्मिनलांच्या धोरणाने खासगी माल-स्थानकांना उत्तेजन दिले आहे. एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्रासारख्या ठिकाणी, जेथे कोळशाचे संपूर्ण रेक हाताळावयाचे असतात, तेथे खरे इंजिनच हवे आणि तेथे ट्रॅक्टरची मात्रा चालणार नाही; परंतु लहान सायडिंगे जसजशी वाढतील, तसतशी दोन-चार वाघिणी हलवण्याची गरज वाढेल. कायदेशीर व सुरक्षित साधन उपलब्ध नसेल, तर ती गरज बेकायदा साधनाने भागवली जाईल. आणि केवळ मनाईचा हुकूम काढून ती टळणार नाही.

योग्य साधन घडवण्याची ताकद नाशिकपाशी आहे. सातपूर आणि अंबडचे कारखाने, ओझर-पिंपळगावच्या बाजूस द्राक्षबागांसाठी ट्रॅक्टरला फवारणीचे ब्लोअर जोडून देणारे कारागीर, नाशिकरोडचा रेल्वेचा ट्रॅक्शन मशीन कारखाना आणि तेथेच असलेली भारतीय रेल्वेची विद्युत अभियांत्रिकी संस्था, असा संयोग सहसा एका ठिकाणी आढळत नाही. मात्र बागेच्या ओळींमधून जाणारा अरुंद ट्रॅक्टर येथे कामाचा नाही. आपल्या रुळांमधील अंतर 1,676 मिलिमीटर आहे आणि टायर त्या रुळांवर नेमके बसावे लागतात, म्हणून ज्याच्या मागच्या चाकांचे अंतर वाढवता येते असा रुंद ट्रॅक्टरच घ्यावा लागेल, आणि त्याच्या पुढच्या धुऱ्याची रचनाही नव्याने करावी लागेल.

यासाठी माझ्या सूचना मोजक्या आहेत. लखनौच्या आर.डी.एस.ओ. या रेल्वेच्या संशोधन व मानक संस्थेने लहान यंत्रांचे प्रमाणित नमुने ठरवून द्यावेत. प्रत्येक यंत्रावर वाघिणींच्या ब्रेक-नळीत दर चौरस सेंटिमीटरला 5 किलोंचा दाब राखणारा कॉम्प्रेसर आणि वाघिणीच्या कपलरला घट्ट धरणारी जोडणी असावी. किती वाघिणी, कोणत्या उतारावर, कोणत्या वेगाने, हे यंत्राच्या अंगावर ठळक मराठीत लिहिलेले असावे. चालक व पॉइंट्समन यांना परीक्षा घेऊनच दाखला मिळावा. तो अभ्यासक्रम नाशिकरोडच्याच संस्थेस सुरू करता येईल. आणि बकेटने किंवा पहारीने वाघीण रेटताना आढळल्यास दंड त्या हमालाकडून वसूल न करता सायडिंगच्या मालकाकडून वसूल व्हावा.

कॉम्प्रेसर आणि जोडणी यांनी यंत्राची किंमत वाढेल आणि लहान मालधनी मागे सरतील, असा आक्षेप घेतला जाईल. किंमत वाढेल हे खरेच आहे. परंतु ती टाळून आज जी बचत होते, ती वाघिणीबरोबर दगड घेऊन धावणाऱ्या माणसाच्या जिवाची किंमत शून्य धरल्यामुळे होते, आणि असा हिशेब कोणत्याही दफ्तरात मंजूर होता कामा नये. नाशिकच्या उद्योजकांनी, बाजार समित्यांनी आणि लोकप्रतिनिधींनी रेल्वेकडे ही दरखास्त एकत्रितपणे करावी, आणि ती मंजूर होईपर्यंत आपापल्या आवारात ब्रेकवाचून एकही वाघीण हलवू देऊ नये.