टायर हिवाळ्याचे नव्हे, वैशाखाचे!

(विशेष प्रतिनिधी)

नागपूर - या शहराच्या नोंदींत दोन आकडे आहेत. मे २०१३ मध्ये येथील पारा ४७.९ अंशांवर चढला होता आणि २९ डिसेंबर २०१८ च्या पहाटे तो ३.५ अंशांवर उतरला होता. या दोन टोकांमध्ये सुमारे चव्वेचाळीस अंशांचे अंतर आहे, आणि नागपूरकराच्या मोटारीला ते चार टायरच्या एकाच संचावर पार करावे लागते. (मे २०२४ च्या अखेरीस शहरातील एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंशांची नोंद केली होती. तो यंत्रातील बिघाड असल्याचे हवामान खात्याने नंतर स्पष्ट केले. मात्र तो आकडा ऐकून नागपूरकराला फारसे आश्चर्य वाटले नाही, यातच सारे आले.)

थंड देशांत असे चालत नाही. जर्मनीत रस्त्यावर बर्फ वा गोठलेले पाणी असेल तर हिवाळी टायरविना मोटार हाकणे हा २०१० पासून स्पष्ट शब्दांत गुन्हा आहे. ऑक्टोबर २०२४ पासून तर डोंगर आणि हिमकण यांचे चिन्ह असलेलेच टायर तेथे ग्राह्य धरले जातात. कॅनडातील क्विबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च ही मुदतच कायद्याने बांधून दिली आहे. त्यामुळे स्टुटगार्ट किंवा माँट्रियल येथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या दिनदर्शिकेत दसरा-दिवाळीच्या सुमारास चाके बदलण्याचा एक दिवस ठरलेला असतो. उतरवलेली चाके ठेवण्यासाठी तेथील गॅरेजे भाड्याने जागा देतात. टायरचे वसतिगृहच म्हणा ना!

यामागील कारण साधे आहे. तापमान सात अंशांच्या खाली गेले की नेहमीच्या टायरचे रबर कडक होऊ लागते आणि त्याची रस्त्यावरील पकड सुटते. हिवाळी टायरचे रबर मऊ असते व त्याच्या नक्षीत बारीक चिरा असतात. हाच मऊ टायर नागपूरच्या एप्रिलमध्ये चालविला तर तो पेन्सिलीच्या रबरासारखा झिजेल आणि ब्रेक लावल्यावर मोटार लांब जाऊन थांबेल. हौसेने परदेशातून मागविण्यासारखी ही वस्तू नव्हे. मनाली-लेहच्या सहलीला निघणाऱ्यांसाठीही बर्फात चाकांना लावायच्या साखळ्या हाच आपल्याकडे रूढ उपाय आहे.

मग ऋतूनुसार टायरची काळजी हा विषय नागपूरकराने सोडून द्यायचा का? तर नाही. आपल्याकडे तो उलट्या बाजूने आणि अधिक गंभीरपणे उपस्थित झाला आहे. त्याची दोन कारणे आहेत. एक, समृद्धी महामार्ग. दुसरे, विजेवर चालणारी मोटार. आता तर सरकारच्याच धोरणाने ही दोन्ही एकत्र आणली आहेत.

समृद्धीची कसोटी

शिवमडका येथून निघणाऱ्या या ७०१ किलोमीटरच्या महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला, तर इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी. मोटारींना येथे ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. सिग्नल नाही, गाव नाही, गाय आडवी येत नाही. साध्या रस्त्यावर दर पंधरा-वीस मिनिटांनी वेग कमी होतो व टायरला श्वास घेता येतो. समृद्धीवर तो तासन्‌तास एकाच वेगाने फिरत राहतो. महामार्ग खुला झाल्यानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात टायर फुटून झालेल्या अपघातांची चर्चा सुरू झाली. २०२३ मध्ये परिवहन खात्याने प्रवेशद्वारांवर टायर तपासणी हाती घेतली आणि गुळगुळीत टायरच्या मोटारींना परत पाठविले.

या चर्चेत सारा दोष सिमेंटच्या रस्त्याला देण्याची सवय लागली. ती तपासून पाहण्याजोगी आहे. फिकट रंगाचे काँक्रीट काळ्या डांबराइतके ऊन शोषत नाही. टायर तापतो तो मुख्यतः आतून. प्रत्येक फेऱ्यात त्याची भिंत दबते व पुन्हा उभी राहते आणि त्या घर्षणातून उष्णता निर्माण होते. हवा कमी, वजन जास्त आणि वेग मोठा असेल तर ही उष्णता झपाट्याने वाढते. रबराचे थर एकमेकांपासून सुटू लागतात आणि जुना टायर दगा देतो. रस्ता तापलेला असला की ही उष्णता बाहेर पडायला वाव उरत नाही, एवढाच उन्हाचा वाटा.

प्रत्येक अपघात टायरच्या नावावर लिहिणेही बरोबर नाही. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याकडे निघालेल्या खासगी बसला आग लागून २५ प्रवाशांचा बळी गेला. टायर फुटल्याचे चालकाने सांगितले होते. परिवहन अधिकाऱ्यांच्या अहवालाने मात्र त्यास पुष्टी दिली नाही. ‘टायर फुटला’ हे अपघातानंतरचे सर्वांत सोयीचे उत्तर असते, कारण टायर बोलत नाही.

वजन वाढले, स्टेपनी गेली

विजेच्या मोटारीचे नागपूरशी नाते जुने आहे. मे २०१७ मध्ये, ऐन उन्हाळ्यात, २०० विजेच्या वाहनांचा टॅक्सी प्रकल्प याच शहरात सुरू झाला होता. तेव्हा सारे लक्ष चार्जिंगच्या रांगांकडे होते. टायरचा विचार कोणी केला नाही आणि आजही फारसा होत नाही. मोटार घेताना ग्राहक बॅटरी किती युनिटची आणि एका चार्जिंगमध्ये किती किलोमीटर, हे दोन प्रश्न विचारतो आणि धनादेश फाडतो.

वास्तविक बॅटरीमुळे ही मोटार त्याच आकाराच्या पेट्रोल मोटारीपेक्षा दीडशे-दोनशे किलोंनी, मोठ्या मोटारींत त्याहूनही अधिक जड असते. म्हणजे दोन-तीन सहप्रवासी कायमचेच बसलेले. शिवाय विजेची मोटर पहिल्या क्षणापासून पूर्ण जोर लावते. सिग्नल सुटताच झेप घेण्याचा मोह झाला की त्याची किंमत पुढची चाके मोजतात. म्हणूनच या मोटारींसाठी अधिक भार पेलणारे, पण रस्त्यावर सहज घरंगळणारे टायर लागतात. अपोलोने २०२२ मध्ये ‘अँपेरियन’ या नावाने असे टायर बाजारात आणले आणि इतर कंपन्याही या क्षेत्रात उतरल्या आहेत. बदलीचा टायर घेताना केवळ आकार जुळवून भागत नाही. भिंतीवरील भारांक आणि वेगाचे अक्षर मूळ टायरपेक्षा कमी असता कामा नये. दुकानदार स्वस्तातला पर्याय पुढे करतो तेव्हा नेमका हाच आकडा पाहायचा राहून जातो.

हौशी तरुणांमध्ये मोठ्या व्यासाची मिश्रधातूची चाके बसवून घेण्याची टूम आहे. पेट्रोलच्या मोटारीत तिचा भुर्दंड चटकन दिसत नाही. विजेच्या मोटारीत मात्र तो डॅशबोर्डावर लगेच उमटतो. रुंद टायर व जड चाक म्हणजे एका चार्जिंगमधले किलोमीटर कमी. पातळ भिंतीचा टायर खड्ड्यात चिरतो, ते वेगळेच. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ उत्पादकाच्या मूळ रचनेत मनमानी बदलांस परवानगी देत नाही, हेही लक्षात ठेवलेले बरे.

सर्वांत दुर्लक्षित बाब स्टेपनीची. हवेचा दाब दाखविणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचे किट असेल तर अतिरिक्त चाकाची सक्ती नाही, अशी सवलत केंद्र सरकारने २०२० मध्ये नियमांत केली. बॅटरीने जागा व्यापलेल्या मोटारींना ती सोयीची ठरली. खिळा रुतला तर किट चालते. भिंत फाटली तर ते निरुपयोगी. आणि समृद्धीवर फाटण्याचे प्रसंग काल्पनिक नाहीत. २९ डिसेंबर २०२४ च्या रात्री वाशीम जिल्ह्यात मालेगावजवळ रस्त्यावर पडलेल्या लोखंडी फलकामुळे पन्नासहून अधिक वाहनांची चाके बसली. सप्टेंबर २०२५ मध्ये छत्रपती संभाजीनगरजवळ भेगा बुजविण्यासाठी रस्त्यात रोवलेल्या धातूच्या नळ्यांवरून गेलेल्या मोटारींची तीच गत झाली. अशा रात्री ज्याच्या डिकीत स्टेपनी आहे तो अर्ध्या तासात मार्गी लागतो. ज्याच्याकडे केवळ फेसाची बाटली आहे, तो कुटुंबासह कठड्याला टेकून क्रेनची वाट पाहतो. मोटार घेताना जास्तीचे पैसे भरून स्टेपनी मिळत असेल, तर लांबच्या प्रवाशाने तिच्यावर काटकसर करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हवा कमी करण्याचा गैरसमज

विदर्भात एक समज घट्ट रुजलेला आहे. उन्हाळ्यात हवा फुगते, म्हणून टायरमध्ये ती दोन-तीन पॉइंट कमीच ठेवावी. पंपावरचा मुलगाही विचारल्यावाचून तसे करतो. हेतू टायर वाचविण्याचा असतो, परिणाम नेमका उलटा होतो. चालताना दाब चार-पाच पॉइंटांनी वाढणार हे गृहीत धरूनच टायर बनविलेला असतो. हवा कमी असली की भिंत अधिक दबते, अधिक तापते, आणि वर सांगितलेली साखळी सुरू होते. दरवाज्याच्या चौकटीवरील चिकटपट्टीवर छापलेला दाब थंड टायरसाठी आहे. तो सकाळी, मोटार निघण्यापूर्वी पाहावा. तापलेल्या टायरमधून हवा सोडणे हा तर शुद्ध आत्मघात आहे.

नागपूरचा ऋतुबदल खरा जाणवतो तो येथे. मेमध्ये तीस अंशांच्या सकाळी ३३ पॉइंट भरलेली हवा डिसेंबरच्या दहा अंशांच्या सकाळी, काहीही गळती न होता, सुमारे तीस पॉइंटांवर येते. शिवाय टायर दर महिन्याला थोडी हवा आपसूक सोडतो, ती निराळी. नायट्रोजन भरला की चिंता मिटली, असेही सांगितले जाते. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. तो भरल्याने ओलावा टळतो व गळती मंदावते, पण दाब तपासण्याचे काम सुटत नाही.

चाके बदलतानाचाही एक धोका विजेच्या मोटारीपुरता आहे. तिची बॅटरी तळाशी पसरलेली असते. जॅक कडेच्या नेमलेल्या जागीच लागला पाहिजे. घाईत तो थोडा आत सरकला तर टायरच्या कामात बॅटरीचे कवच चेपते आणि हजारांचे काम लाखांवर जाते. रस्त्याकडेच्या प्रत्येक पंक्चरवाल्याला याची माहिती असेल, अशी अपेक्षा करता येत नाही. ती मालकानेच तेथे उभे राहून सांगायची.

माफी आहे, तपासणी नाही

राज्याच्या २०२५ च्या विद्युत वाहन धोरणाने समृद्धी, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग व अटल सेतू येथे विजेच्या मोटारींना पथकर माफ केला. प्रत्यक्षात पैसे कापले जात असल्याच्या तक्रारी झाल्या आणि डिसेंबर २०२५ मध्ये नागपूरच्याच हिवाळी अधिवेशनात त्या विधानसभेत उमटल्या. एप्रिल २०२५ च्या दरानुसार नागपूर ते मुंबई या अंतरासाठी मोटारीला १,४४५ रुपये पडतात. म्हणजे जाऊन-येऊन तीन फेऱ्यांत वाचणाऱ्या रकमेत मध्यम आकाराचा एक चांगला टायर येतो. त्यातच सप्टेंबर २०२५ मध्ये टायरवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. पैशाची सबब आता पूर्वीइतकी खरी राहिलेली नाही.

मात्र ज्या धोरणाने जड, वेगवान आणि बहुधा स्टेपनीविना असलेल्या मोटारींना या रस्त्याचे निमंत्रण दिले, त्यात टायरच्या स्थितीची अट कोठेच नाही. खासगी मोटारीला पहिली पंधरा वर्षे तंदुरुस्तीच्या तपासणीला सामोरे जावे लागत नाही. नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर हवी, हा केंद्रीय नियम आहे, पण ती मोजणार कोण? टायरच्या भिंतीवर निर्मितीचा आठवडा व वर्ष चार आकड्यांत छापलेले असते. ते वाचता येणारे मालक किती? २०२३ ची तपासणी अपघातांच्या लाटेनंतर आली होती. ती दरवर्षी मार्च उजाडताच शिवमडक्याला सुरू व्हावी, दाब मोजण्याचे यंत्र व हवेची सोय प्रवेशद्वाराशीच असावी आणि पथकर माफीसाठी मोटारीची नोंद ज्या यंत्रणेत होते त्याच यंत्रणेने टायरचे वय विचारावे. या तिन्ही गोष्टींना नव्या कायद्याची गरज नाही. मार्च फार लांब नसतो.