जुनी एसयूव्ही घेताय? आधी इंजिनाचं घराणं विचारा

सेकंडहँड छोटी एसयूव्ही बघायला गेलेली मंडळी आधी रंग बघतात, मग टायर, मग स्क्रीन. किलोमीटर विचारले की भावाची घासाघीस सुरू. बॉनेट उघडलं जातं खरं, पण आत सगळं चकचकीत दिसलं की लगेच मिटलंही जातं. माझी कळकळीची विनंती आहे, पैशाचं बोलण्याआधी एक प्रश्न विचारा : या गाडीत नेमकं कुठलं इंजिन आहे, आणि तेच इंजिन आणखी कोणत्या गाड्यांत बसलेलं आहे? जुन्या गाडीत घातलेला पैसा बहुतेक घरांत काही वर्षांच्या काटकसरीतून जमलेला असतो. तो पत्र्याच्या चकाकीवर जाऊ नये.

डस्टरचंच उदाहरण घ्या. रेनॉने ती २०१२ मध्ये भारतात आणली. पुढच्याच वर्षी निसानने तीच गाडी चेहरा बदलून टेरानो या नावाने विकायला काढली. दोन्हींत रेनॉचं १४६१ सीसीचं ‘के-नाइन-के’ डिझेल इंजिन. हेच इंजिन त्याआधी नाशिकला तयार होणाऱ्या महिंद्रा-रेनॉ लोगनमध्ये होतं, पुढे तिचीच व्हेरिटो झाली, आणि निसान सनीच्या डिझेललाही तेच. व्हेरिटो टॅक्सी म्हणून भरपूर धावल्या, त्यामुळे हे इंजिन खोललेले मेकॅनिक आपल्याकडे सापडतात. तेव्हा डस्टर बघत असाल तर टेरानोचीही किंमत काढा. इंजिन तेच असताना केवळ बिल्ल्यासाठी जास्त पैसे देऊ नका.

पण इंजिन एक म्हणजे सगळंच एक, असं धरून चालू नका. डस्टरचं हे डिझेल दोन ताकदींत मिळायचं, ८५ आणि ११० पीएस. ८५ला साधा टर्बो आणि पाच गिअर, ११०ला व्हेरिएबल टर्बो आणि सहा गिअर. ११०ची मजा हायवेला. इंजिनाचे फेरे दोन हजारांच्या आसपास पोचेपर्यंत ती सुस्त वाटते. रोज ठाण्याहून अंधेरीला ट्रॅफिकमधून जाणाऱ्याला मी ८५चीच घ्यायला सांगेन. विकणारा ‘पावरफुल मॉडेल’ म्हणून ११०ला वर पैसे मागेल. तुम्हाला ती पावर कुठे वापरायची आहे, याचा विचार त्याने नव्हे, तुम्ही करायचा आहे.

या डिझेलला टायमिंग बेल्ट आहे. तो चालत्या गाडीत तुटला तर पिस्टन वाल्ववर आदळतात, वाल्व वाकतात, हेड उतरवावं लागतं. म्हणून बेल्ट बदलल्याचं बिल मागा. बिल नसेल तर बेल्ट बदललेलाच नाही असं समजा आणि तो खर्च किमतीतून कापून घ्या. पेट्रोल डस्टरचं तर वेगळंच. सुरुवातीचं १.६ लिटरचं इंजिन रेनॉचं, बेल्टवालं. २०१७ मध्ये आलेलं १.५ निसानच्या घराण्यातलं, चेनवालं. नाव तेच, बाहेरून गाडीही जवळपास तीच, आणि आतला देखभालीचा हिशोब पार निराळा!

मारुतीच्या पहिल्या व्हिटारा ब्रेझाचं १२४८ सीसीचं डिझेल मूळचं फियाटचं. मारुतीने ते परवाना घेऊन बनवलं. पुण्याजवळ रांजणगावच्या कारखान्यातही हे इंजिन तयार होत असे. स्विफ्ट, डिझायर, इंडिका व्हिस्टा, पुंटो, सगळ्यांत तेच. त्यामुळे मेकॅनिक आणि सुटे भाग शोधत हिंडावं लागत नाही. पण इथेही स्विफ्टचं ७५ पीएसचं आणि ब्रेझाचं ९०चं, टर्बो वेगळा. स्विफ्टच्या खर्चाचा अंदाज ब्रेझाच्या टर्बोला लावू नका. या डिझेलला बेल्ट नाही, चेन आहे; तरी वेळेवर ऑइल न बदललेल्या इंजिनात ती सैल पडते. गार इंजिन सुरू करताना होणारा खडखडाट नीट ऐका. २०२०मध्ये बीएस-६ आलं, तसं हे डिझेल गेलं आणि ब्रेझात १४६२ सीसीचं पेट्रोल आलं. त्याच वर्षीची टोयोटा अर्बन क्रूझर म्हणजे बिल्ला बदललेली हीच पेट्रोल ब्रेझा.

मारुतीच्याच एस-क्रॉसचं १.६ डिझेल मात्र जपून घ्या. तेही फियाटचंच, ताकद १२० पीएस, चालवायला फार सुंदर. पण इंजिन आयात केलेलं, गाड्या मोजक्या खपल्या आणि दोन वर्षांत ते बंदही झालं. भागांची चौकशी आधी, हौस नंतर.

फोर्ड इकोस्पोर्टच्या एक लिटर टर्बो पेट्रोलचा बेल्ट ऑइलमध्ये बुडून फिरतो. चुकीचं ऑइल घातलं तर बेल्टचा रबर सुटतो आणि ऑइल पंपाची जाळी चोंदते. तेव्हा कुठलं ऑइल घातलं, हे सर्व्हिसच्या कागदांवर दिसलंच पाहिजे.

बघायला जाल तेव्हा आरसीवरचा इंजिन नंबर इंजिनावरच्या नंबराशी ताडून बघा. गार इंजिनाचा आवाज ऐकता यावा म्हणून विकणाऱ्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवा, की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. ते गरम लागलं तर त्या दिवशी टोकन देऊ नका. दुसऱ्या दिवशी सकाळी, त्या इंजिनावर काम केलेला मेकॅनिक सोबत घेऊन परत जा.