लस बर्फात बुडवून आणू नका!

गेल्या महिन्यात एक आजोबा नातीला घेऊन दवाखान्यात आले. हिपॅटायटिस बीची लस त्यांनी मेडिकलमधून आणली होती. प्लास्टिकच्या पिशवीत बर्फाचा चुरा आणि त्यात रुतलेली कुपी. "डॉक्टर, एकदम गार आणलीय बघा," म्हणाले. मी ती टोचली नाही. माझ्या फ्रीजमधली दिली. पैसे फुकट गेले म्हणून आजोबा नाराज झाले. त्यात मुलीच्या आईने मोबाईल पुढे केला. 'लसीत ॲल्युमिनियम असतं, ते मेंदूत साचतं,' असा मेसेज.

म्हणजे ज्याला घाबरायला नको त्याची भीती, आणि ज्याने लस खरोखर वाया जाते त्याचं कौतुक! हे मी वर्षानुवर्षं पाहतोय, म्हणून आज थोडं कडक लिहितो.

आधी ॲल्युमिनियम लसीत का घालतात ते समजून घ्या. हिपॅटायटिस बीच्या लसीत अख्खा विषाणू नसतो. यीस्टच्या पेशींत तयार केलेलं, विषाणूच्या आवरणावरचं फक्त एक प्रथिन असतं. धनुर्वात आणि घटसर्पाच्या लसीत निष्प्रभ केलेलं विष असतं, तेही प्रथिनच. अशी शुद्ध प्रथिनं एकटी टोचली तर शरीर त्यांच्याकडे फारसं लक्ष देत नाही. 1926 मध्ये इंग्लंडमध्ये अलेक्झांडर ग्लेनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसलं, की घटसर्पाच्या लसीत तुरटी मिसळली तर प्रतिकारशक्ती कितीतरी चांगली तयार होते. हो, तुरटी! दाढी केल्यावर लावतात तीच जातकुळी. आज तिच्याऐवजी ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड किंवा फॉस्फेट वापरतात. त्याचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगतात आणि प्रथिन त्यांच्या अंगाला चिकटून राहतं. पेन्टाव्हॅलंट, न्यूमोकोकल, एचपीव्ही, धनुर्वात या सगळ्या लसी अशाच आहेत. कुपी हलवल्यावर त्या दुधाळ दिसतात ते या कणांमुळे.

आता ही कुपी गोठली तर काय होतं? पाण्याचे स्फटिक होतात आणि हे बारीक कण एकमेकांवर दाबले जाऊन त्यांचे गठ्ठे बनतात. बर्फ वितळला तरी गठ्ठे सुटत नाहीत. फाटलेलं दूध पुन्हा तापवून नीट होतं का? तसंच हे. लसीची ताकद जाते ती जाते. हिपॅटायटिस बीची लस उणे अर्ध्या अंशाच्या आसपासच गोठायला लागते. या लसी 2 ते 8 अंशांत ठेवायच्या, आणि त्यातला खालचा आकडा लोक विसरतात.

कुपीवरचा रंग बदलणारा चौकोन पाहून निर्धास्त राहू नका. तो लसीला किती उष्णता लागली ते सांगतो. लस गोठून गेली असेल तर त्यावर काहीही उमटत नाही. आरोग्य कर्मचारी शंका आली तर 'शेक टेस्ट' करतात. त्याच बॅचची एक कुपी मुद्दाम गोठवून वितळवायची, दोन्ही हलवून शेजारी ठेवायच्या. संशयित कुपीतला गाळ गोठवलेल्या कुपीइतक्याच वेगाने किंवा त्याहून वेगाने खाली बसला, तर ती फेकायची. तुमच्या हातातल्या एकुलत्या कुपीवर हे करता येत नाही.

ही बर्फाची सवय आली कुठून? माझ्या मते पल्स पोलिओच्या बूथवरून. तोंडावाटे द्यायची पोलिओची लस उष्णतेने लवकर खराब होते, गोठली तर तिचं बिघडत नाही. आपण तिथे बर्फ पाहिला आणि तोच नियम सगळ्या लसींना लावला. उलट हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताच्या लसी उष्णता बऱ्यापैकी सोसतात. म्हणून त्या उन्हात ठेवा असं मी म्हणत नाहीये!

आता त्या मेसेजकडे. एका डोसमध्ये ॲल्युमिनियम साधारण एक मिलिग्रॅमपेक्षा कमीच असतं. 'बाळाच्या दुधातही ॲल्युमिनियम असतं' असं आमचे काही डॉक्टर मित्र उत्तर देतात. ते खरं आहे, पण उत्तर अर्धवट आहे. पोटातून त्यातलं एक टक्क्याहून कमी रक्तात जातं, टोचलेलं मात्र हळूहळू सगळंच शोषलं जातं. लोक मूर्ख नाहीत, त्यांना हा फरक कळतो आणि मग आपल्यावरचा विश्वास उडतो. पूर्ण उत्तर असं, की ते आठवड्यांत, महिन्यांत थोडं थोडं रक्तात येतं आणि निरोगी मूत्रपिंडं ते लघवीवाटे बाहेर टाकतात. ॲल्युमिनियमने मेंदूवर परिणाम झालेले रुग्ण खरंच होऊन गेले, पण ते 1970 च्या दशकातले डायलिसिसचे रुग्ण होते. मूत्रपिंड निकामी, आणि डायलिसिसच्या पाण्यातूनच ॲल्युमिनियम शरीरात जात होतं. डेन्मार्कमध्ये सुमारे 12 लाख मुलांच्या नोंदी तपासून 2025 मध्ये अभ्यास प्रसिद्ध झाला. लसींतल्या ॲल्युमिनियममुळे दमा, ऑटिझम किंवा तपासलेल्या 50 आजारांपैकी कशाचाही धोका वाढलेला दिसला नाही. टोचल्या जागी दुखणं, लाली, छोटी गाठ हे मात्र होतं. गाठ काही आठवडे राहू शकते, ती चोळू नका.

गोठलेल्या लसीचं दुखणं असं, की ती टोचल्यावर काहीच कळत नाही. कार्डावर तारीख पडते, शिक्का पडतो. आईला हिपॅटायटिस बी असेल, तर तिच्या बाळाच्या बाबतीत त्या शिक्क्यावर भरवसा ठेवणं किती महागात पडेल ते तुम्हीच विचार करा.

त्यामुळे शक्यतो लस जिथे टोचणार तिथलीच घ्या. सरकारी केंद्रात त्यासाठी खास फ्रीज असतो. मेडिकलमधून आणावीच लागली, तर आईसपॅक आधी बाहेर काढून ठेवायला सांगा. हलवल्यावर आत पाणी डुचमळलं की मगच तो डब्यात ठेवायचा, आणि कुपी कागदात गुंडाळून, पॅकला न टेकवता. घरी नेऊन फ्रीजरमध्ये तर अजिबात नाही. फ्रीजरच्या लगतचा कप्पा आणि मागची भिंतही नको.

आणि आम्हा डॉक्टरांना विचारा: "तुमच्या फ्रीजमध्ये थर्मामीटर आहे का? दाखवाल?" ज्याला या प्रश्नाचा राग येईल, त्याच्याकडे लस घेऊ नका. माझ्याकडे आलात तरी विचारा.