तांदळातलं नाव

आमच्या सल्ला केंद्रात बाई येते. नवऱ्यानं तीनदा घराबाहेर काढलेलं. ‘तुम्हाला काय हवंय?’ विचारलं की सांगते, ‘मुलांची शाळा बुडायला नको, सासूबाई आजारी आहेत, माहेरी भावाचं लग्न ठरलंय.’ पुन्हा विचारलं तरी तेच. नवीन होतो तेव्हा आम्ही चिडायचो. हिला स्वतःचं मनच नाही का?

हेझेल मार्कस आणि शिनोबू कितायामा या मानसशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये मांडलं, की अमेरिकेत माणूस स्वतःकडे सुटी व्यक्ती म्हणून बघतो, तर जपानसारख्या समाजात नात्यांत गुंतलेली व्यक्ती म्हणून. या मांडणीचा आपल्याला उपयोग आहे. ‘हिला मनच नाही’ असं म्हणायची मग घाई होत नाही. पण त्याच घरात, त्याच संस्कृतीत वाढलेल्या तिच्या भावाची जीभ ‘मला हे नको’ म्हणताना का अडखळत नाही?

मला आठवतं ते लग्नातलं तांदळाचं ताट. नवरा त्यात अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहितो. आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना. रमाबाई रानडेही माहेरच्या यमुनाच! गोपाळराव आणि महादेवराव मात्र आपल्याच नावानं जगले. रमाबाईंनी १९१० मध्ये आठवणी प्रसिद्ध केल्या, त्याही ‘आमच्या आयुष्यातील’. (त्या ‘आमच्या’त प्रेम होतं, हे मी नाकारत नाही. पुण्याचं सेवासदन उभं करणारी ही कर्तबगार बाई.)

नाव बदलायची सक्ती कुठल्याही कायद्यात नाही. ‘हौस म्हणून बदललं’ असं मुली आजही सांगतात, आणि त्या खोटं बोलत नाहीत. अवघड आहे ते हेच. धाक ओळखता येतो, त्याविरुद्ध मोर्चा काढता येतो. हौसेविरुद्ध काय काढणार? आणि ही हौस मुलग्यांना कशी होत नाही?

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचंही नाव लावायचा निर्णय महाराष्ट्र सरकारनं घेतला. चांगलं झालं. पण आईचं कुठलं नाव? माहेरचं, की तांदळातलं?

केंद्रात हल्ली आम्ही आधी विचारतो, ‘लहानपणी तुम्हाला काय म्हणायचे?’ परवा पन्नाशीच्या एक बाई बराच वेळ गप्प बसल्या, मग हसून म्हणाल्या, ‘बेबी.’ आणि शाळेत कबड्डी खेळायच्या त्याबद्दल तासभर बोलल्या. घरी परत जायचं की नाही, हे त्यांनी अजून ठरवलेलं नाही. पुढच्या मंगळवारी येते म्हणाल्या आहेत.