‘बसायचं’ कुठे?

‘काय मग, शनिवारी बसायचं का?’ या प्रश्नाचा अर्थ मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. कोण कोण येणार, कुठलं हॉटेल, किती वाजता, परतताना गाडी कोण चालवणार, सगळं पाच मिनिटांत ठरतं. फक्त ज्याच्याभोवती हे सगळं घडतं, त्या टेबलाचा विचार कुणी करत नाही. आपण केला नाही तर बिघडत नाही. पण हॉटेल काढणारेच विसरले तर काय होतं? ऐका.

माझी एक मैत्रीण आहे. हिंजवडीत दहा वर्षं नोकरी केली, एका सोमवारी राजीनामा दिला आणि बाणेरला बिस्त्रो काढलं. छोटासा बार, पास्ता-पिझ्झा, बरी कॉफी. नवऱ्याचा पीएफ, स्वतःची बचत आणि सांगलीच्या आईनं मोडलेली एफडी, एवढं सगळं त्यात घातलेलं. टेबलं तिनं परदेशी कॅफेंचे फोटो बघून निवडली. पांढऱ्याशुभ्र संगमरवराचे गोल टॉप, काळा सडपातळ पाय, उंची ४२ इंच आणि सोबत ३० इंची स्टुलं. खिडकीपाशी दोन खोल सोफे आणि त्यांच्यासमोर गुडघ्याएवढी बुटकी टेबलं. फोटोत जाम भारी दिसत होतं. एकदम न्यूयॉर्क!

दसऱ्याला उद्घाटन झालं. आई सांगलीहून आली. वय ६७, दोन्ही गुडघे कुरकुरणारे. तिनं स्टुलाकडे पाहिलं, मग सोफ्याकडे पाहिलं. एकावर चढता येईना, दुसऱ्यातून उठता येईना. ‘मी इथे बरी आहे गं,’ असं म्हणून ती कॅश काउंटरमागच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत जाऊन बसली आणि मांडीवर प्लेट घेऊन जेवली. जिच्या पैशातून ते हॉटेल उभं राहिलं, तिलाच तिथे बसायला टेबल नव्हतं.

मैत्रीण त्या दिवशी काही बोलली नाही. पण पुढचे चार महिने तिला तेच दिसत राहिलं. आसपासच्या सोसायट्यांमधली कुटुंबं दारापर्यंत यायची, आजी-आजोबा आत डोकावायचे आणि सगळेच मागे फिरायचे. जोडपी एक कॉफी प्यायची आणि पाय लोंबकळून अवघडले की उठायची. सहा जणांचा ग्रुप आला की गोल टेबलं जोडता यायची नाहीत. फेब्रुवारीत तिचा फोन आला. ‘टेबलं बदलायचीत. येतोस का? या वेळी फोटो बघणार नाही.’

आम्ही भवानी पेठेत टिंबर मार्केटजवळच्या एका जुन्या मिस्त्रींना गाठलं. खालचा सगळा शहाणपणा त्यांचा, थोडं वाचन माझं.

आधी ताट, मग टेबल

मिस्त्रींचा पहिला प्रश्न रंगाचा नव्हता, लाकडाचाही नव्हता. ‘ताई, तुमच्याकडे माणसं खातात काय?’

मग त्यांनी पुठ्ठा मागवला, २४ इंचांचा चौरस कापला आणि म्हणाले, यावर दोघांचं जेवण मांडून दाखवा. मैत्रिणीच्या प्लेटा ११ इंची. समोरासमोर दोन ठेवल्या की २२ इंच संपले. मध्ये उरले दोन. त्यात पाण्याचे ग्लास, गार्लिक ब्रेडची टोपली, मीठ-मिरी आणि दोघांचे दोन मोबाइल. पिझ्झा आला की त्याला जागा कुठे? वेटर प्लेट हातात धरून उभा राहतो आणि गिऱ्हाईक घाईघाईनं ग्लास उचलतं. हे दृश्य तुम्हीही पाहिलं असेल.

कॅपुचिनो आणि केकसाठी २४ इंची टॉप मस्त आहे. जेवणासाठी दोघांना २४ बाय ३० हवा. म्हणजे समोरासमोरच्या प्लेटांमध्ये आठ इंच मोकळे राहतात. आपल्याकडे तर दोघं मिळून चार पदार्थ मागवतात आणि मधोमध ठेवून वाटून खातात. परदेशी कॅफेचं माप इथे तंतोतंत उचललं की गडबड होणारच. माणशी २४ इंच रुंदी हा हिशेब डोक्यात ठेवा. त्याहून कमी दिली की शेजाऱ्याचं कोपर आपल्या सूपमध्ये.

उंचीचा फंडा

साधं जेवणाचं टेबल २९-३० इंच उंच असतं आणि खुर्चीची बैठक १७-१८ इंचांवर. हॉटेलांच्या भाषेतलं ‘काउंटर हाइट’ टेबल ३६ इंच, ‘बार हाइट’ ४० ते ४२. आकडे वेगळे असले तरी गणित एकच आहे. बैठक आणि टॉप यांच्यात दहा ते बारा इंच अंतर हवं. कमी असेल तर मांड्या अडकतात, जास्त असेल तर माणूस शाळेतल्या पहिल्या बाकावरच्या पोरासारखा दिसतो.

उंच टेबल ही नुसती फॅशन नाही, तिला कारण आहे. उभा असलेला माणूस आणि स्टुलावर बसलेला माणूस यांची नजर एका पातळीवर येते. म्हणून बारमध्ये ओळखी लवकर होतात, उभ्याउभ्या बिअर पिता येते, माणसं इकडून तिकडे फिरत राहतात. पण तिथे तीन कोर्सचं जेवण करायला सांगणं म्हणजे शिक्षा. आणि स्टुलाला पाय टेकवायला आडवी दांडी नसेल, तर अर्ध्या तासात पायांना मुंग्या आल्याच म्हणून समजा.

थोडक्यात, टेबलाची उंची तुमच्या वतीनं गिऱ्हाइकाला सांगत असते की ‘पटकन पी आणि सटक’ किंवा ‘निवांत बस, घाई नाही’. दोन्ही चालतं. पण आपण काय सांगतोय हे मालकाला माहीत पाहिजे.

संगमरवराचं दुखणं

पांढऱ्या टॉपवर चार महिन्यांत मळकट ठिपके आणि ग्लासांच्या बुडांच्या गोल खुणा उमटल्या होत्या. पोऱ्या रोज घासायचा, पण खुणा जायच्या नाहीत. मिस्त्री म्हणाले, ‘घासून कशा जातील? डाग वर नाही, दगडच खाल्लाय.’

संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. लिंबू, व्हिनेगर, वाइन, कोकम, चिंच, जे जे आंबट ते ते त्याला खातं आणि तिथली चमक जाते. ज्यांच्या घरी कडाप्प्याचा ओटा होता, त्यांना हे आईच्या बोलण्यातून आधीच माहीत असेल. कडाप्पाही चुनखडीच्याच जातीचा. म्हणून तर लिंबू चिरलं की लगेच पुसायचा हुकूम असायचा.

मग प्रश्न येतो, इराण्याकडे संगमरवर कसा टिकला? धोबी तलावचं क्यानी १९०४ चं, डेक्कनचं आपलं गुडलक १९३५ चं. संगमरवरी टॉपची टेबलं आणि वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या ही त्या जमान्यातल्या इराणी हॉटेलांची ओळखच. (त्या खुर्च्यांचा खापरपणजोबा म्हणजे व्हिएन्नाच्या थोनेटची १८५९ ची चौदा नंबरची खुर्ची. सहा लाकडी भाग, दहा स्क्रू आणि दोन नट. संपलं!) उत्तर मेनूत आहे. चहा आणि बन-मस्का दगडाला काही करत नाही. गरम कप ठेवला तरी चालतो, ओलं फडकं मारलं की टेबल पुढच्या गिऱ्हाइकाला तयार. टेबलक्लॉथ नको, धुलाई नको. शिवाय तिथे दगड शुभ्र राहावा अशी कुणाची अपेक्षा नव्हती. खुणा पडत गेल्या आणि त्यालाच आपण ‘कॅरेक्टर’ म्हणू लागलो. वाइन आणि सॅलडच्या बिस्त्रोत तोच दगड चार महिन्यांत भकास दिसतो.

मग घ्यायचं काय? ग्रॅनाइटला आंबटाचं भय जवळपास नाही. सनमायका म्हटलं की नाकं मुरडतात, पण आता जाड, भरीव ‘कॉम्पॅक्ट लॅमिनेट’ मिळतं. त्याच्या कडा सुटत नाहीत आणि पाण्यानं ते फुगत नाही. शिसम किंवा आंब्याचं लाकूड उबदार दिसतं, फक्त पीयू कोटिंग नीट हवं आणि ते अधूनमधून पुन्हा करायची तयारी हवी. सगळ्यात स्वस्त पर्याय म्हणजे एमडीएफवर चिकटवलेला कागदी फिनिश. तो आपल्या पावसाळ्यात आणि दिवसातून वीस वेळा फिरणाऱ्या ओल्या फडक्यापुढे टिकत नाही. आधी कड फुगते, मग पापुद्रा उचलतो आणि मग गिऱ्हाईक गप्पा मारता मारता तो नखानं सोलत बसतं.

आणखी एक. टॉप चकचकीत नको, मॅट घ्या. वरच्या दिव्याची तिरीप थेट डोळ्यात जाते आणि डेटवर आलेली दोघं उगाचच कपाळाला आठ्या घालून बसतात.

डुगडुग नको रे बाबा

हॉटेलातला सगळ्यात चीड आणणारा आवाज कुठला? टेबल डुगडुगल्यावर कॉफी बशीत सांडते तो. मग वेटर कागदाची घडी घालून पायाखाली सरकवतो आणि पुढच्या झाडूत ती निघून जाते.

एक पायाची टेबलं दिसायला स्मार्ट आणि बसायलाही सोयीची, गुडघ्यांना आडवं काही येत नाही. १९५० च्या दशकात इरो सारिनेन या डिझायनरनं टेबलाखालच्या पायांच्या गर्दीला वैतागूनच आपली प्रसिद्ध एकखांबी टेबलं काढली. पण खांब एक असला की खालची बैठक रुंद आणि जड लागते. ३० इंची टॉपला २२ इंचांच्या आसपास बैठक हवी, तीही शक्यतो बिडाची. टेबल उंच असेल तर आणखी भक्कम. नाहीतर कुणी कोपरावर रेलून जोक सांगायला लागलं की पिचरसकट सगळं मांडीवर.

पायांना खालून फिरवता येणारे बूट लावून घ्या. खर्च किरकोळ, सुख मोठं. आणि तुम्ही गिऱ्हाईक असाल, तर ही ट्रिक तुमच्यासाठी. चार पायांचं चौरस टेबल डुगडुगत असेल तर कागद मागू नका, टेबल जागच्या जागी हळूहळू गोल फिरवा. पाव फेरीच्या आत कुठेतरी चारही पाय टेकतात. हा चमत्कार नाही. पाय सारख्या लांबीचे असतील आणि जमिनीला हलका चढउतार असेल, तर असं होतंच, हे गणितज्ञांनी २००५ मध्ये सिद्ध केलंय. फरशीची वर आलेली कड मध्ये आली तर मात्र गणिताचा इलाज नाही. मैत्रिणीच्या हॉटेलात आम्ही हे करून बघितलं. मिस्त्री शांतपणे म्हणाले, ‘हे आमच्या वडलांना माहीत होतं.’

जुन्याचं काय केलं?

मैत्रिणीला वाटलं होतं, सगळं भंगारात जाणार आणि पुन्हा कर्ज काढावं लागणार. मिस्त्रींनी बिडाच्या बैठका ठोकून पाहिल्या, खांब बघितले आणि म्हणाले, ‘माल चांगलाय. उंची चुकलीय.’ खांब कापून ४२ चे ३० केले. वर २४ बाय ३० चे लाकडी टॉप आले. लांब बाजू एकमेकींना लावल्या की दोन टेबलांचं चौघांचं होतं, तीन टेबलांचं सहा जणांचं. तीन उंच टेबलं बारसमोर तशीच ठेवली, उभ्याउभ्या पिणाऱ्यांसाठी. एक सोफा ओएलएक्सवर विकला आणि त्या पैशात खुर्च्यांचा काही खर्च निघाला.

पाडव्याला आई पुन्हा आली. मैत्रीण दारातच धडधडत्या छातीनं उभी. आईनं खिडकीपाशी खुर्ची ओढली, बसली, टेबलाचा कोपरा दोन बोटांनी दाबून बघितला. ‘हलत नाही,’ म्हणाली. मग पर्स टेबलावर ठेवली. ‘चष्मा दे गं माझा. बघू तरी, काय काय मिळतं तुझ्याकडे.’

टेबलं घ्यायला निघताय?

• मेनू पक्का झाल्याशिवाय टेबल घेऊ नका. पुठ्ठा कापा, खऱ्या प्लेटा मांडून बघा.

• बैठक ते टॉप दहा-बारा इंच. खुर्ची आणि टेबल एकत्रच पसंत करा, वेगवेगळ्या दुकानांतून अंदाजानं नको.

• वेटरला ट्रे घेऊन जायला मुख्य वाट तीन फूट तरी मोकळी ठेवा.

• शोरूममध्ये टॉपचा तुकडा मागा. घरी आणून त्यावर लिंबू, हळद आणि रेड वाइन रात्रभर ठेवा. सकाळी निर्णय आपोआप होईल.

• सगळी टेबलं एकाच उंचीची नकोत, पण जोडायची आहेत ती मात्र एकाच मापाची हवीत.

• आणि शेवटचं. फोटो काढण्याआधी आईला बसवून बघा.