पहिला नंबर कुणाचा, आणि तो ठरवला कुणी?

सध्या आमच्या गावात नववीपासून बारावीपर्यंतच्या पोरींमध्ये एक वाद जोरात चाललाय. ब्लॅकपिंकचं सगळ्यात भारी गाणं कोणतं? क्लासच्या बाहेर, एसटीत, व्हॉट्सॲपवर, सगळीकडे याद्या. पहिल्या दहात कोण, अकराव्यावर कोण ढकललं, आणि का ढकललं!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ब्लॅकपिंक म्हणजे दक्षिण कोरियातला चार मुलींचा गट. जिसू, जेनी, रोझे आणि लिसा. ८ ऑगस्ट २०१६ ला त्यांची पहिली दोन गाणी आली, 'व्हिसल' आणि 'बूमबाया'. चाहते स्वतःला 'ब्लिंक' म्हणवतात. २०२२ साली त्यांचा 'बॉर्न पिंक' हा अल्बम अमेरिकेतल्या बिलबोर्ड २०० यादीत पहिला आला. कोरियन मुलींच्या गटाला तो मान पहिल्यांदाच मिळाला.

आता मोठी माणसं यावर हसतात. "अभ्यास सोडून कोरियाची गाणी मोजत बसल्यात." माझं मत जरा वेगळं आहे. या पोरी जे करतायत ते आपल्या गावात फार कमी जण करतात. त्या कारण देऊन भांडतायत.

माझ्या भाचीच्या यादीत 'व्हिसल' पहिलं. का? तर त्यात मोकळी जागा आहे. शिट्टी, खालून चालणारा बेस, आणि मधे मधे शांतता. गाणं ओरडत नाही. तिच्या मैत्रिणीला हे पटत नाही. तिचं म्हणणं, पहिला नंबर 'डू-डू डू-डू' ला, कारण २०१८ च्या त्या गाण्यानं गट जगभर पोचला. म्हणजे पहिला प्रश्न इथेच आला: चांगलं गाणं आणि महत्त्वाचं गाणं एकच असतं का? या प्रश्नावर आमच्याकडे साहित्य संमेलनात परिसंवाद होतो, आणि चहा येईपर्यंत संपतो.

तिसरी म्हणते, 'लव्हसिक गर्ल्स' वर ठेवा, कारण त्याच्या लेखनात जिसू आणि जेनीचं स्वतःचं नाव आहे. बाकीची बरीचशी गाणी टेडी नावाच्या एकाच निर्मात्याच्या हातची, त्यामुळे तोच साचा परत परत येतो अशी तिची तक्रार. हळू सुरुवात, ताण वाढवायचा, मग ऐन वेळी शब्द सोडून नुसता ठोका. यावर लगेच 'शट डाउन' पुढे येतं. त्यात इटालियन व्हायोलिनवादक पागानिनीची 'ला कॅम्पानेला' ही जुनी धून घेतलीय. ती उसनवारी की हुशारी, यावर अर्धा तास. कुणाच्या वाट्याला गाण्यात किती सेकंद आले, जिसूला नेहमी कमी का, याचा हिशोब तर चाहते घड्याळ लावून करतात.

पहिला पूर्ण कोरियन अल्बम यायलाच चार वर्षं लागली, थेट ऑक्टोबर २०२०. गाणी मोजकी, म्हणून प्रत्येक गाणं इतकं कुरतडलं जातं. पण कुरतडता कुरतडता कान तयार होतो, हे मी स्वतः बघतोय.

ही झाली एक यादी. दुसरी यादी आकड्यांची. तिच्याविषयी मात्र मला बोलायचंय.

जून २०२० मध्ये 'हाउ यू लाइक दॅट' चा व्हिडिओ आला. २४ तासांत ८ कोटी ६३ लाख व्ह्यूज, गिनीज बुकात नोंद. ऑगस्टमध्ये बीटीएसच्या 'डायनामाइट' नं १० कोटी ११ लाख करून तो विक्रम मोडला. दोन महिनेसुद्धा टिकला नाही. अशा विक्रमांसाठी चाहत्यांच्या फौजा रात्र रात्र जागतात. सूचना फिरतात: एकच व्हिडिओ सलग लावू नका, मधे दुसरा लावा, आवाज बंद करू नका. गाणं ऐकायचं राहतं बाजूला, हजेरी लावायचं काम उरतं.

यातही पैसा शिरतोच. जुलै २०१९ मध्ये आपल्याकडच्या बादशाहच्या 'पागल' ला २४ तासांत साडेसात कोटी व्ह्यूज मिळाल्याचं जाहीर झालं. नंतर कळलं की त्यासाठी जाहिराती विकत घेतल्या होत्या. त्यात तेव्हाचे नियम मोडले असंही नाही. पण यूट्यूबनं सप्टेंबरमध्ये नियमच बदलला. २४ तासांच्या विक्रमात जाहिरातीतून आलेले व्ह्यूज धरायचे नाहीत असं ठरलं.

जपानमध्ये तर याची हद्द झाली होती. एकेबी४८ हा तिथला मुलींचा मोठा गट. २००९ पासून २०१८ पर्यंत तिथे दरवर्षी 'निवडणूक' व्हायची. कोणती मुलगी पुढच्या गाण्यात पुढे उभी राहणार, हे चाहत्यांच्या मतांवर. आणि मतपत्रिका कुठे? सीडीच्या पाकिटात. जितक्या सीडी घ्याल तितकी मतं. लोक एकच सीडी शेकड्यानं घ्यायचे. २०१७ साली फुकुओका भागात डोंगरात अशा शेकडो सीडी फेकून दिलेल्या सापडल्या. मत काढून घेतलं, गाणं दिलं टाकून! गाण्याला याहून मोठा अपमान कोणता?

आपल्याला हे परकं वाटायला नको. गाण्यांच्या नंबरासाठी रेडिओला कान लावणारी पिढी आपल्याच घरात आहे. १९५२ पासून रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला लागायची. अमीन सयानी 'पायदान' म्हणायचे आणि घरात भांडण जुंपायचं. तिथेही रेकॉर्डची विक्री बघितली जायचीच, पण नुसत्या विक्रीवर न थांबता श्रोता संघांचं मतही घेतलं जायचं. दुकानातला आकडा म्हणजे लोकांचं मत नव्हे, एवढं भान तेव्हाही होतं.

मग हे मी इथे, गावाच्या प्रश्नांवर लिहितो त्या जागी का लिहितोय? कारण सीडीतली मतपत्रिका आपल्या गल्लीत आलीय. गणपती सजावट स्पर्धा: ज्या फोटोला जास्त लाइक्स त्याला बक्षीस. शाळकरी मुलांची चित्रकला स्पर्धा: लिंक पाठवा, मत मिळवा. अशा एका स्पर्धेचा निकाल मी कव्हर केला. ज्या मुलीच्या चित्रापुढे लोक थांबून बघत होते, तिचं नाव पहिल्या तिनात नव्हतं. तिच्या घरी एकच मोबाईल, तोही वडिलांसोबत कामावर. जिंकलेल्या मुलाचा काही दोष नाही, त्याचे नातेवाईक जास्त होते इतकंच. पण त्या मुलीला आपण काय शिकवलं? चित्र नीट काढून उपयोग नाही, ग्रुप जास्त पाहिजेत.

हीच मुलं चार-पाच वर्षांत मतदार होतील. मत म्हणजे विचार करून दिलेला कौल, की गोळा केलेला आकडा, हे ती आत्ताच शिकतायत. काही आपल्याकडून, काही ब्लॅकपिंककडून. खरं सांगू? याद्यांवर भांडणाऱ्या पोरींकडून जास्त चांगलं शिकायला मिळेल.

म्हणून मंडळांना आणि शाळांना हात जोडून विनंती. यंदा लाइक्सवर बक्षीस देऊ नका. तीन परीक्षक बसवा, आणि पहिला नंबर का दिला ते चार ओळींत लिहून फळ्यावर लावा. लोक भांडतील. भांडू द्या, कारणं तरी बाहेर येतील.

आणि पालकहो, पोरगी यादी घेऊन आली तर हसू नका. "हे पहिलं का?" एवढंच विचारा, आणि उत्तर पूर्ण ऐका.

तुमच्या आवडीची पाच गाणी कमेंटमध्ये टाका. कोरियन असोत, लावणी असो की भावगीत. अट एकच, प्रत्येकापुढे कारण पाहिजे. नुसते अंगठे नकोत.